नायलॉनची मूस

भंडाऱ्याच्या पितळेच्या भट्ट्यांवर केवळराम ओतारी म्हणजे मोठं नाव. पण त्याच्यासाठी मूस करायची ती त्याची बायको, सुंदरबाई. मूस म्हणजे पितळ वितळवायचं मातीचं भांडं. माती, धानाचा कोंडा आणि घरातल्या झिजलेल्या अंबाडीच्या दोरांचा बारीक चुरा मळून ती मूस थापायची. अंबाडी जळाली तरी माती धरून ठेवते, असं तिचं म्हणणं. दर तावाला, म्हणजे दर वेळी भट्टीत तापताना, मूस थोडी थोडी थकते. सुंदरबाई ती बोटानं वाजवून बघायची आणि आवाज बसका आला की फोडून टाकायची. केवळरामचा जीव तीळतीळ तुटायचा, अजून एक ताव निघाला असता! यावरून त्यांचं रोज वाजायचं आणि आम्हा शेजाऱ्यांची फुकटात करमणूक व्हायची.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात सुंदरबाई आंधळगावला माहेरी गेली. मागे मुशी संपल्या, तेव्हा केवळरामनं स्वतःच माती मळली. घरात अंबाडीचा दोर नव्हता. विहिरीसाठी नुकताच आणलेला नायलॉनचा दोर मात्र होता, बैलानं ओढला तरी न तुटणारा. त्याचाच उरलेला तुकडा कातरून त्यानं मातीत घातला आणि वर स्वतःवरच खूश झाला.

सुंदरबाई परतली ती एसटीतून उतरून थेट भट्टीवर. पितळ वितळलं होतं, केवळराम सांडशी घेऊन मूस उचलायला वाकला होता. छपरात अजून घाण वास कोंडलेला होता.

"हा कायचा वास येऊन राहिला?"

"मुशीत नायलॉन टाकलं. दोर तुटत नाही, त मूस कायले फुटन?"

"अवो, ते पिघलते! मंग माती कोण धरन? सांडशी ठेवा खाली!"

"भाता बंद हाय, पितळ थंडं होऊन राहिलं. हट बाजूले!"

ती हटली नाही. तिनं सांडशीच धरली. दोघांची ओढाताण चालली असतानाच भट्टीत भद्द झालं. मुशीचा तळ सुटला आणि सगळं पितळ हिरव्या ज्वाळा काढत निखाऱ्यांत वाहून गेलं. क्षणभर आधी उचलली असती, तर ते त्याच्या पायांवर आलं असतं.

केवळरामनं सांडशी सोडली. भांडण ऐकून जमलेल्या आम्हा शेजाऱ्यांचाही जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी तो ओसरीवर पाय पसरून बसला होता आणि सुंदरबाईच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. त्याची अक्कल, नायलॉन, सासरचे सगळे, तिनं कोणालाच सोडलं नाही. ते ऐकून मला फार बरं वाटत होतं.

"आता पुरे न," तो म्हणाला. "पाय त शाबूत हायेत न माहे?"

"हायेत म्हणूनच बोलून राहिली मी," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. "नसते, त बोलली असती काय?"