उपाशी दिसायची अट

"हिला मागं सरकवा रे. हिच्याकडं बघून कोण म्हणंल, गावात उपासमार हाय?"

आबा असं म्हणाले आणि चावडीसमोरची माणसं हसली. लॉकडाऊनचा दुसरा महिना होता. तोंडाला रुमाल बांधून सगळे चुन्याच्या गोलात उभे होते. आबा म्हणजे वाशी तालुक्यातल्या आमच्या गावातले सगळ्यांत मोठे जमीनदार. माझी आई त्यांच्याच रानात रोजानं जायची. त्या दिवशी ते गरिबांना किराण्याच्या पिशव्या वाटत होते. पिशवी हातात दिली की त्यांचा पुतण्या मोबाइलवर फोटो काढायचा. फोटो निघाल्याशिवाय आबांच्या हातून पिशवी सुटायची नाही.

मी पंधरा वर्षांची होते. अंगानं जाड. पुतण्यानं मला काठीनं बाजूला सारलं. कोरोना होता म्हणे. आमच्या वस्तीला ती काठी कोरोनाच्या आधीपासून ओळखीची होती.

आई हसली. हेच मला अजून सोसत नाही. लोक हसले, त्याचं काही नाही. पण आईपण हसली, ओशाळवाणी, आणि पिशवी धरून एकटीच फोटोला उभी राहिली.

घरी दोन्ही वेळेला रेशनच्या तांदळाचा भात, जोडीला एखादी भाकर. वर तिखट-मीठ, कधी पातळ वरण. दूध चहापुरतं. नुसत्या भात-भाकरीनंही अंग सुटतं, हे त्यांना कोण सांगणार? मला तरी कुठं ठाऊक होतं? मला वाटलं, मीच खादाड. माझ्यामुळं आईला मान खाली घालावी लागली.

फोटो गावाच्या ग्रुपवर फिरला. कडेला माझा अर्धा दंड आला होता. वर्गातल्या मुलींनी तेवढाच कापून वर्गाच्या ग्रुपवर टाकला. खाली हसरी तोंडं. मी पण एक हसरं तोंड पाठवलं. काय करणार?

मग मी जेवण सोडलं. आई रानात गेली की मी माझ्या वाटणीचं शेळीपुढं टाकायचे. पोटाला ओढणी आवळून बांधायचे, म्हणजे भूक कमी लागते. शाळा बंद, त्यामुळं बघणारं कुणी नव्हतं. दिवसभर पत्र्याची खोली, मी आणि भिंतीवरचा आरसा. दोन महिन्यांत ड्रेसला दोन्हीकडून पिना लावायला लागल्या. शेजारणी म्हणायच्या, "बारीक झालीस की गं! लई छान दिसायलीस." त्या शब्दांवर मी आणखी दोन दिवस काढायचे. केस गळत होते, ते मी चुलीत घालत होते.

तीन महिने पाळी आली नाही. आईनं एका सकाळी दार लावून घेतलं आणि माझा दंड धरला.

"कोण हाय त्यो?"

"कुणी न्हाय."

"खरं सांग!"

"आये, म्या जेवतच न्हाय गं."

तिनं दंड सोडला. तिच्या बोटांत काही आलंच नव्हतं, नुसतं हाड. ती खाली बसली आणि म्हणाली, "म्या उनात राबून आणलेलं शेळीला घातलंस व्हय?" मारलं असतं तर बरं झालं असतं. ती रडत राहिली आणि मला तिच्याजवळ जायचंही बळ नव्हतं. वाशीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. पोरीच्या अंगात रक्तच नाही म्हणाले.

त्याच आठवड्यात आबांनी परत पिशव्या वाटल्या. मी आईचा हात धरून कशीबशी गोलात उभी होते. आबांनी मला ओळखलंच नाही. बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"ही पोरगी घ्या पुढं. ओढणी काढ गं जरा, गळ्याची हाडं दिसू दे."

मला रडू आलं नाही. एकदम सगळं लख्ख कळलं. जाड होते तेव्हा मी त्यांच्या कामाची नव्हते, मरायला टेकले तेव्हा कामाची झाले. माझं शरीर कसंही असलं तरी ते चूकच ठरणार होतं, कारण ठरवणारे ते होते. आणि त्यांच्या एका वाक्यासाठी मी स्वतःला तीन महिने जाळलं होतं.

"आबा, पिशवी पायजे. फोटो काढू देणार न्हाय."

"फोटो न्हाय तर पिशवी न्हाय."

मी आईकडं बघितलं. घरात दोन दिवसांचं पीठ होतं. आई या वेळी हसली नाही. तिनं आबांच्या हातातली पिशवी मागं सारली आणि मला धरून माघारी वळली. तिला त्यांच्या रानात परत काम मिळालं नाही. दुसऱ्या गावात तीन कोस चालत जायची.

त्या संध्याकाळी मी अर्धी भाकर खाल्ली आणि ओकले. दुसऱ्या दिवशी परत खाल्ली. आज मी एकवीस वर्षांची आहे. अजून घास घशात अडतो. पाळी अजून धड येत नाही. ते तीन महिने माझ्या अंगातून गेलेले नाहीत, जाणारही नाहीत. आबांना यातलं काही ठाऊक नाही, ते झोपतात सुखानं.

पण मी जेवणार. लग्नाच्या पंगतीत भर मांडवात पुढच्या ओळीत बसून जेवणार, वाढप्याला हाक मारून दुसऱ्यांदा मागणार. माझ्या अंगाकडं बघून कुणी हसलं, तर हातातला घास खाली ठेवणार नाही. तो आधी गिळीन, आणि मग त्याच्या तोंडावर विचारीन, हसायला काय झालं?