पाय लावणार न्हाय

विजयमाला पायाळू, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेली. अशा माणसानं कंबरेला पाय लावला की भरलेली उसण उतरते, यावर मंगळवेढ्याकडच्या तिच्या गावाचा ठाम विश्वास. त्यामुळं वयाच्या सहाव्या वर्षापासून तिनं सरपंचापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या पाठीत लाथा घातल्या आणि वर गूळ-खोबरं खाल्लं. लग्न होऊन सोलापुरात शुक्रवार पेठेत आली, शाळेत शिपाई म्हणून लागली, तरी कीर्ती मागोमाग आलीच. मुख्याध्यापकसुद्धा दार लावून घेऊन तिची लाथ खाऊन गेलेले आहेत.

गेल्या डिसेंबरात शाळेच्या मैदानावर खो-खोचा सराव चालला होता. जिल्ह्याचा सामना तीन दिवसांवर. नववीतल्या अंकितानं पळता पळता खांबाला वळसा घातला, पाऊल मातीत रुतून राहिलं आणि अंग तेवढं फिरलं. कुणाचा धक्का नाही की काही नाही. "आतून कट् वाजलं," पोरगी म्हणाली. उठून दोन पावलं टाकली, तर गुडघा निसटला आणि ती मटकन खाली बसली.

तिची आई सोनाबाई तासाभरात धापा टाकत आली, तोवर गुडघा टम्म फुगला होता. खेळाच्या मल्लेश सरांनी निदान करून टाकलं, लचकलाय. औषधही ठरलेलंच होतं.

"विजाक्का, पाय लाव की," सोनाबाई म्हणाली. "तीन दिसांत पोरगी हुबी ऱ्हायला पायजे."

"पाय लावणार न्हाय."

बाईला मान हवाय असं वाटून सोनाबाई पाया पडायला वाकली. विजयमालेनं तिला दंडाला धरून उभं केलं. तिच्या डोळ्यांपुढं भाऊ होता, बिरुदेव. कबड्डीत त्याचाही गुडघा असाच वाजला, असाच फुगला. तिनंच पाय लावला होता. आठवड्यानं सूज ओसरली, गावानं तिचं तोंड भरून कौतुक केलं आणि बिरुदेव पुन्हा खेळायला उतरला. गुडघा पुन्हा निसटला, मग निसटतच राहिला. आज तो मेंढरांमागं चढ चढताना काठी टेकतो. त्या कौतुकाची तिला अजून लाज वाटते.

"सर, उसण येगळी, ह्ये येगळं," ती म्हणाली. "वाजलं, लगीच सुजलं, पाय टेकवंना. आतली दोरी तुटली आसंल. ह्याला चोळायचं न्हाय, वडायचं न्हाय, आन् माजा पाय तर न्हायच न्हाय."

"मावशी, तुम्ही डॉक्टर आहात काय?"

"न्हाय की. म्हणून तर डॉक्टरकडं न्यायचं म्हनतीया."

शिपायानं सरांना असं बोलायची शाळेत पद्धत नव्हती. विजयमालेला त्याचं काही वाटलं नाही. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणून तिनं फडक्यात गुंडाळला आणि गुडघ्यावर ठेवला, पायाखाली दप्तरं रचली, रिक्षा बोलावली. सर गुरकावत का होईना, तिच्या आणि मायलेकींच्या सोबत रिक्षात बसले.

एक्स-रेत हाडं धडधाकट निघाली. मल्लेश सरांचा चेहरा उजळला. "बघा, उगीच घाबरवलंत." डॉक्टरांनी मात्र सांगितलं की एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही, एमआरआय करावाच लागेल. तोवर पोरीनं त्या पायावर भार द्यायचा नाही. सामना अर्थातच गेला. त्या दिवसापासून पेठेत सोनाबाई विजयमालेकडं बघून तोंड फिरवू लागली.

एमआरआयचा कागद आला तेव्हा मात्र बोलावणं नसताना विजयमाला दवाखान्यात हजर होती. लिगामेंट फाटलं होतं. ऐकून सोनाबाईचा तोल गेला.

"हिनं येळंवर पाय लावला आसता तर तुटलं नसतं. पोरीचं वाटोळं केलं हिनं."

डॉक्टर समजावायला लागले. विजयमालेनं त्यांना हातानंच थांबवलं. तिला राग आला होता, वाईट तर त्याहून जास्त वाटलं होतं.

"व्हय, माज्यामुळंच तुटलं," ती म्हणाली. "साऱ्या पेठंत सांगा, मी न्हाय म्हननार न्हाय. पर डॉक्टर सांगत्याल तवर पोरगी मैदानात उतरली, आन् तुमी कुनाकडनं तिचा गुडगा चोळून घेतला, तर गाठ माज्याशी हाय."

भांडायला निघालेल्या माणसाला समोरून कबुलीच मिळाली की भांडण उरतच नाही. सोनाबाई खुर्चीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच डॉक्टरांकडं वळली.

"सांगा," ती म्हणाली, "आता काय करायचं?"