जबाबदार माणूस

"सोबत जबाबदार माणूस कोण आहे?"

नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात शिकवत होते, तेव्हा हा प्रश्न दिवसभर कानावर पडायचा. पेशंट बाई समोरच उभी असायची, पण डॉक्टर तिच्या डोक्यावरून मागे बघत विचारायचे. मग नवरा, दीर, नाहीतर भाऊ पुढे यायचा आणि बाईला सांगितलं जायचं, "तुम्ही जरा बाहेर बसा." तिच्याच पोटाविषयी बोलायचं आणि तिलाच बाहेर बसवायचं! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शिकाऊ डॉक्टरांना मी तो प्रश्न विचारायलाच बंदी केली. पेशंटला खुर्ची द्या, कोणकोणते उपाय आहेत ते तिला कळेल असं सांगा, तिला काय वाटतं ते विचारा आणि ती बोलेपर्यंत गप्प बसा. यातलं गप्प बसणंच त्यांना सगळ्यात जड जायचं.

एकदा कोरेगावकडची एक बाई आली. चाळिशीही गाठली नव्हती, पण पाळीत फार रक्त जायचं. सोबत लष्करातून सुट्टीवर आलेला दीर. मी दिराला बाहेर बसवलं, तिला खुर्ची दिली आणि शिकाऊ मुलांसमोर सांगितलं, "गर्भपिशवीतली गाठ साधी आहे, घाई नाही. पिशवी काढता येईल, किंवा काही महिने गोळ्या घेऊन बघता येईल." ती पदराशी चाळा करत राहिली. मुलं चुळबुळायला लागली. मी डोळे वटारले.

मग ती म्हणाली, "माज्या जावंची पिशवी काडली, तवापासनं तिच्या अंगात जीवच न्हाई. मला आदी गोळ्या खाऊन बगू द्या."

रक्त कमी होतं म्हणून तिला वॉर्डात ठेवून घेतलं. त्याच आठवड्यात साताऱ्याच्या डॉक्टरांनी मला व्याख्यानाला बोलावलं. विषय माझा नेहमीचाच, पेशंटला विचारा. टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ मिळालं. परत येऊन बघते तर ती बाई पोटाला पट्टी बांधून पडलेली. "मला गोळ्या देनार हुत्या," असं तिने सांगून पाहिलं होतं. आमच्या वरिष्ठ सर्जननी ते कानाआड केलं आणि दिराची सही घेतली.

मी त्यांच्या खोलीत जाऊन कडाकडा भांडले. ते चहा पीत म्हणाले, "जबाबदार माणसाची सही आहे. अजून काय हवं?"

दीर व्हरांड्यात अवघडून उभा होता. "सायेबच म्हनले काडा. त्यांच्या म्होरं आमी काय बोलनार, बाई?" त्याच्यावर काय चिडणार? सर्जनवरचा राग मात्र अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

शिकाऊ डॉक्टरांना घेऊन मी तिच्या कॉटपाशी गेले. म्हटलं, "हे तुमच्या मनाविरुद्ध झालं."

तिने आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

"त्या दिशी खुर्चीवर बशिवलंसा," ती म्हणाली, "मला वाटलं, खरंच इचारताय."