पावसाळ्यातले निरोगी लोक

राजगडाच्या पायथ्याच्या दवाखान्यात मी कंपौंडर होतो. डॉक्टर आठवड्यातून एकदा उगवायचे; बाकीचे दिवस हिवतापावरचं कोयनेलचं कडू पाणी आणि मी. रोगी आपापली बाटली घरून आणत. मी ती भरून, वर डोसाच्या खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवून देत असे.

दर महिन्याला रोग्यांचे आकडे वर पाठवावे लागत. उन्हाळ्यात ते फुगत, पावसाळ्यात एकदम बसत. कारण शेंबड्या पोरालाही कळलं असतं. निम्म्या वाड्या गुंजवणीच्या पलीकडे, आणि आषाढात नदी ओलांडायची म्हणजे आधी घरच्यांचा निरोप घ्यायचा. पावसाळाभर पलीकडच्या एखाद्या घरात कोयनेल ठेवू द्या, असं मी वर लिहून पाहिलं. उत्तर आलं नाही, चैत्रात तपासणीला वरचे साहेब आले.

साहेबांना जलोपचाराचं वेड. रोज पहाटे थंड पाण्यात कमरेपर्यंत बसायचे आणि साऱ्या जगानं तसंच बसावं, असं त्यांचं ठाम मत. आल्या आल्या त्यांनी माझ्याकडे बादली मागितली. मग आकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघा! पाऊस आला की ताप जातो."

"साहेब, ताप जात नाही. माणसं येत नाहीत."

"बरी असल्यावर कशाला येतील?"

पायरीवर पलीकडच्या वाडीची एक म्हातारी बसली होती. तिच्या सुनेला सारखा हिवताप यायचा, तिच्यासाठी औषध न्यायला आलेली. मी तिलाच पुढं केलं. पावसाळ्यात का येत नाही, असं साहेबांनी तिला विचारलं.

"तवा नदीला पानी आस्तंय न्हवं, सायेब! उतार मिळंल तवाच येनं व्हतंय. ग्येल्या साली आशीच आल्ते, म्हनून सून उठली."

मला वाटलं, जिंकलो. साहेबांनी मात्र त्यातलं पाणी तेवढं उचललं. नदीला नवं पाणी येतं, लोक त्यात भिजतात, तेच पितात, म्हणून ठणठणीत राहतात! हुकूम निघाला: पावसाळ्यात दवाखाना बंद. मला तोवर कचेरीत बसवलं. तिथं बसून मी मनातल्या मनात रोज साहेबांना बादलीसकट नदीत सोडत होतो.

दिवाळीच्या सुमारास परतलो, तर पाठोपाठ कागद आला. पावसाळ्यात आपल्या दवाखान्यात तापाचा एकही रोगी नाही, याबद्दल अभिनंदन. दाराच्या कुलपाच्या वतीनं मी ते स्वीकारलं.

त्याच आठवड्यात म्हातारी आली, एकटीच. स्वच्छ धुतलेली रिकामी बाटली तिनं माझ्यापुढं ठेवली.

"श्रावनात उतार मिळाला तवा आल्ते. दाराला कुलूप." बाटली माझ्याकडं सरकवून म्हणाली, "ही ऱ्हाऊ द्या तुमाला. आमाला आता कुनासाठी लागनार?"

सवयीनं मी रोग्यांची वही पुढं ओढली, लेखणी बुडवली. पण हिला लिहायचं कुठं? ती काही आजारी नव्हती.