डोहातलं बियाणं

आमचं गाव दुष्काळी पट्ट्यातल्या मुरुडपासून जवळ. गावच्या ओढ्याला दिवाळीपर्यंत पाणी असतं, संक्रांतीनंतर डबकी उरतात आणि चैत्रात करंजाखालचा एकच डोह. त्या डोहात जाळं टाकायचं नाही, हा गावाचा जुना रिवाज. त्यातले मासे म्हणजे बियाणं. ओढा वाहता झाला की तेच वरखाली पसरतात.

त्या वर्षी परतीचा पाऊस झालाच नाही. होळीला नांदेडहून गावी गेलो तेव्हा मी डोह मोजला. लांबी अकरा फूट, खोली जेमतेम वीतभर. पाणी चहाच्या रंगाचं, मासे तोंडं वर काढून. काठचा चिखल तडकला होता. बिळांतले खेकडे ओलीमागे खोल गेले की आतच मेले, कळायला मार्ग नव्हता.

दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, मासे आपल्या विहिरीत सोडायचं ठरवलं. विहिरीत अजून सहा फूट पाणी होतं.

"माणसाला टँकर न्हाई अन् ह्यांच्या माशाला विहीर," वहिनी म्हणाली आणि स्वतःच घागर काढून दिली.

पुढं पंधरवड्यातच गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी ती विहीर अधिग्रहित झाली. दादानं हरकत घेतली नाही. तहानलेल्या गावापुढं काय हरकत घेणार? पाण्याचं काम बघणाऱ्या माणसानं नियमाप्रमाणे ब्लीचिंग पावडर टाकली. ती टाकावीच लागते. विहिरीत मासे आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं आणि पावडर पडणार हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला नांदेडला दादाचा फोन आला. सगळे पांढरे होऊन वर आलेत, एवढंच बोलला.

मृगात ओढा वाहिला. पाणी नितळ, पण रिकामं. कडेच्या डबक्यांत डासांच्या अळ्या वळवळू लागल्या. त्यांना खाणारं कोणी उरलं नव्हतं. बगळे यायचे, थोडा वेळ उभे राहायचे आणि उडून जायचे.

नदीतले मासे खालून चढून येतील, अशी दादाला आशा होती. पण मध्ये बंधारा आहे, सात फुटांची भिंत. आधीच्या दुष्काळात आम्हीच मागण्या करकरून तो बांधून घेतलेला.

श्रावणात मोठं पाणी आलं तेव्हा मी गावातच होतो. संध्याकाळी आम्ही बंधाऱ्यावर गेलो. बोटाएवढे मासे भिंतीवर उड्या घेत होते आणि आपटून खाली पडत होते. त्यांना धरून वरच्या अंगाला सोडावं म्हणून दादा खाली उतरायला निघाला. पाणी छातीएवढं आणि ओढ भलती. मी त्याचा दंड धरला. ओसरू दे, सकाळी धरू, म्हणालो.

सकाळी गेलो तर भिंतीखाली जाळी लागलेली. आमचा रिवाज आमच्या डोहापुरता. बंधाऱ्याखाली दुसऱ्या गावाची शीव. त्या लोकांनीही गेल्या पावसाळ्यापासून मासा पाहिला नव्हता. त्यांना कोणत्या तोंडानं अडवायचं?

त्यांच्यातला एक ओळखीचा माणूस टोपलं घेऊन वर आला.

"घ्या दादा, कालवणापुरते."

दादा टोपल्यावर वाकला. "जित्ता हाय का एखादा?"

त्यानं टोपलं हलवून पाहिलं.

"न्हाई की."