कप्तान शेजारच्या सीटवर

कप्तान कुठल्या जहाजाचे नव्हेत. सव्वीस वर्षं ते एकच जीप एकाच घाटात चालवत होते, खालच्या बाजारापासून वर, जिथे गाडीरस्ता संपून डोंगर चढणाऱ्यांची पायवाट सुरू होते तिथपर्यंत. दीड तासाचा रस्ता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. एका हातात स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने ते कुठली गाडी कुठून खाली गेली ते दाखवत. प्रवाशांची पाचावर धारण बसली की कप्तानांची कळी खुले.

असा हा माणूस घाटात नाही, घरच्या न्हाणीघरात घसरला आणि उजवा हात मोडून बसला. सहा आठवडे प्लास्टर. आणि पंधरा दिवस गाडी आली नाही तर स्टँडवरचा नंबर दुसऱ्याला जातो. बदली ड्रायव्हर चालतो, पण जुन्याने एक फेरी शेजारी बसून पाहायची आणि वर पोचल्यावर सगळ्या ड्रायव्हरांसमोर त्याची हमी द्यायची, असा नियम. थोरली लेक तयारच होती. दोन वर्षं ती पाण्याचा टँकर चालवत होती. कप्तानांना मात्र ती अजून सायकलसकट कुंपणात शिरणारी पोरच वाटे.

"शेजारी बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं," निघताना बायकोने दम भरला.

"आणि तिचं काही चुकलं तर?"

"मग ते आपोआपच बंद होईल."

मागे डोंगर चढायला आलेले दातांचे एक डॉक्टर, त्यांची बायको आणि दोन मित्र बसले. पहिल्याच वळणावर कप्तानांचा पाय जोरात खाली गेला.

"बाबा, तिथे ब्रेक नाहीये."

"माहितेय. पाय अवघडलाय."

दरी डाव्या हाताला असते हे त्यांना सव्वीस वर्षं ठाऊक होतं. ती इतकी जवळ असते हे कुणी सांगितलं नव्हतं. आजवर दरीच्या आणि त्यांच्या मधे निदान एक प्रवासी तरी असायचा.

"काका, इथून कधी गाडी कोसळलीय का हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! इथून? कधीच नाही," कप्तान घाईघाईने म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हा विषय वाढवला नाही.

सगळ्यात अरुंद वळणावर वरून विटांचा ट्रक आला. भरलेला ट्रक चढावर मागे जाणार नाही, म्हणजे मागे जायचं जीपनेच. साठ-सत्तर पावलं, तीही वळणावरून.

"थांब, मी उतरून दाखवतो."

"उतराल कुठे बाबा? तिकडे जमीन नाहीये."

कप्तानांनी खाली पाहिलं. खरोखरच नव्हती. त्यांनी डोळे गच्च मिटले आणि सतराचा पाढा सुरू केला.

"जबडा सैल सोडा," मागून डॉक्टर सवयीने म्हणाले. त्यांनी स्वतः मात्र कप्तानांचं प्लास्टर दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

सतराचा पाढा संपायच्या आत, एकदाही पुढे न येता, गाडी थांबली. कप्तानांनी डोळे उघडले तेव्हा ट्रक शेजारून सरकत होता आणि ट्रकवाला हात कपाळाला लावून सलाम करत होता. थोरलीला, त्यांना नाही. त्या जागी त्यांना स्वतःला गाडी तीनदा पुढेमागे घ्यावी लागे. त्यांचा ऊर भरून आला, आणि त्याच वेळी पोटात कुठेतरी दुखलंही.

वर स्टँडवर ड्रायव्हर मंडळी जमलीच होती. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा, स्टँडचा अध्यक्ष, हातात खडू घेऊन नंबरांच्या पाटीजवळ उभा.

"काय कप्तान, कशी चालवते पोरगी?"

थोरली काच पुसायला लागली. कान इकडेच. चांगली चालवते असं कुठलाही बाप म्हणतो, त्याला इथे कुणी हिंग लावून विचारलं नसतं. कप्तानांनी घसा खाकरला.

"मला काय विचारता? मी झोपलो होतो."

घाटात ड्रायव्हर दुसऱ्याच्या गाडीत पाठसुद्धा टेकत नाही. कप्तानांचा तर सख्ख्या भावाच्या गाडीतही कधी डोळा लागला नव्हता. डॉक्टर काहीतरी बोलणार होते, पण बायकोने त्यांच्या पायावर पाय दिला. अध्यक्षाने एकदा थोरलीकडे पाहिलं आणि पाटीवर कप्तानांच्या नंबरापुढे तिचं नाव लिहिलं.

मंडळी पांगल्यावर ती जवळ आली. तिचे डोळे भरले होते.

"खोटं का बोललात बाबा?"

"खोटं कुठे? डोळे मिटलेलेच होते," कप्तान म्हणाले. "आणि उघडले तेव्हा गाडी रस्त्यावर होती. आणखी काय पाहायचं असतं?"