पोट काढलेलं अक्षर

माझा मोठा भाऊ पांढुर्ण्यात पेंटर होता. घरं रंगवणारा नव्हे, बोर्ड लिहिणारा. ऐंशीच्या दशकात बाजारातल्या निम्म्या दुकानांवर त्याचं अक्षर होतं आणि ते ओळखायला खाली सही लागत नसे.

ते अक्षर जाड होतं. शिरोरेषा चांगली चार बोटं रुंद, तीही सरळ नाही, मध्ये थोडी झोल खाल्लेली. काना खाली येता येता फुगायचा आणि एका पायावर भार टाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखा जरा कलायचा. ‘म’चं पोट इतकं भरलेलं की आतली पोकळी शेंगदाण्याएवढीच उरायची. अनुस्वार जागेवर बसायचा नाही, घरंगळून बाजूला जायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एका रसवंतीच्या पाटीवर गंमत म्हणून लिहिलं, आणि मग सायकलवाला, बँडवाला, सगळ्यांना तेच हवं झालं. संत्र्याच्या पेट्यांवर छाप मारायला तो पत्र्याचे साचे कापायचा. पोकळीचा तुकडा गळून पडू नये म्हणून मध्ये बारीक पट्टी सोडावी लागते; तीसुद्धा तो वाकडी सोडायचा. वाचता न येणारी माणसंही पत्ता सांगताना म्हणत, “त्या लठ्ठ अक्षराच्या दुकानाजवळ.”

तेव्हा आमच्या मोहल्ल्यात बुद्धविहार बांधून झाला. माय-बाबा शेतमजुरीला जायचे, तरी दोघांनी त्या भिंतीसाठी सुट्टीच्या दिवशी विटा वाहिल्या होत्या. नावाचा बोर्ड आपण लिहायचा, हे भावानं पाया खोदला त्या दिवशीच ठरवलं होतं. दुसऱ्या कशासाठी त्याला एवढं आसुसलेलं मी पाहिलं नाही. समितीचे अध्यक्ष रेल्वेतून रिटायर झालेले एक काका होते. ते घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, “बाबू, अक्षर बेज्या चांगलं हाय तुहं. पण ते हासते. लोकं अंदर डोये मिटून बसतीन, अन् बाहेर तुहा बोर्ड रसवंतीवानी बलावीन.”

“मंग येतीन ना लोकं, काका. विहारात हासाले बंदी हाय काय?”

“बंदी नाही रे. पण नागपूरहून भंतेजी येऊन राहिले.”

“त भंतेजीले रस आवडत नाही काय?”

काका हसले, पण कप खाली ठेवून स्पष्ट बोलले. सरळ अक्षर जमत असेल तर पंधरा दिवसांत लिहून दाखव, नाहीतर आम्ही नागपूरचा पेंटर आणतो.

ते गेल्यावर भाऊ माझ्याकडे बघत बसला. मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण घरात व्यवहाराचं मलाच विचारत. मी म्हटलं, “दादा, पोटं काढून टाक. पंधरा दिवस गंमत सोड. बोर्ड लागला की मंग लिही तुले जे लिहाचं ते.”

“पोट काढलं त अक्षर जेवीन कुठं?”

“उपाशी राहीन. मरत नाही.”

तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात जुना पत्रा टेकवून बसला. पट्टी लावायची, लिहायचं, रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचं, पुन्हा लिहायचं. मी येता-जाता बघायची आणि जिथं काना फुगला तिथं बोट ठेवायची. “हे पाहा, अजून हाय.” तो पुसायचा. तेराव्या दिवशी मला बोट ठेवायला जागा उरली नाही.

समितीनं बोर्ड पास केला. उद्घाटनाला मोहगाव, तिगावहून माणसं आली. भाऊ नवा सदरा घालून दाराशीच उभा होता. एक बाई वर बघून म्हणाली, “नागपूरच्या पेंटरनं लिहिलं दिसते.” दुसरीनं मान हलवली. भावानं बाजूला सरकून त्यांना आत जायला वाट दिली.

पुढच्या हप्त्यात तो बँडवाल्याचा ढोल लिहायला बसला. आकार ते जुनेच काढले, पण पोटं मोजून काढल्यासारखी एकसारखी आली. बँडवाला ढोल फिरवून फिरवून बघत राहिला. “हे तुहं नोय, भाऊ.” भावानं पुसून पुन्हा लिहिलं. तसंच आलं. वर्षभर तो त्या अक्षराच्या मागं होता. ते काही परत आलं नाही. मग सौसरजवळ बोरगावच्या एका कारखान्यात टाक्यांवर नंबर लिहायला लागला. तिथं दोन वर्षांनी कावीळ झाली आणि तो गेला.

बाजारातल्या पाट्या लोकांनी दर दिवाळीला रंगवल्या. संत्र्याच्या पेट्यांच्या जागी पुठ्ठ्याचे खोके आले. आता त्याच्या हातचं कुठं काही नाही, एक विहाराचा बोर्ड सोडून.

मागच्या वर्षी समितीनं तिथं दगडी पाटी बसवायचं ठरवलं. पोरं विचारायला आली, “आत्याबाई, तुमच्या भावाचा बोर्ड हाय, काढला त चालीन ना?” मी म्हटलं, काढा, फक्त पत्रा माझ्याकडे आणून टाका.

आणला. ओल्या फडक्यानं पुसून मी तो उन्हात ठेवला आणि पहिल्या अक्षरापासून बघत गेले. कुठंतरी एखादी रेघ सुटली असेल, एखादा काना जरा फुगला असेल, असं वाटत होतं. शेवटपर्यंत बघितलं. माझं त्यानं अगदी पूर्ण ऐकलं होतं.